अ‍ॅप बदलण्याआधी फोन कुणाच्या हातात जातो ते बघा

प्रश्न असा आला आहे: "मी खानापूर तालुक्यातल्या एका क्रेडिट सोसायटीत क्लार्क आहे. दर आठवड्याला नवी बातमी येते. कधी व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचतं म्हणे, कधी 16 अब्ज पासवर्ड फुटले, कधी सरकार फोनमध्ये अ‍ॅप घालणार. एक मित्र सिग्नल घे म्हणतो, दुसरा अरट्टाई. आई-बाबा गावात असतात, त्यांच्याकडंही स्मार्टफोन आहे. आमची माहिती सुरक्षित राहावी म्हणून कुठलं अ‍ॅप ठेवू आणि कुठलं काढू?"

आई-बाबांपुरतं बोलायचं तर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ठेवलंत काय आणि सिग्नल घेतलंत काय, फार फरक पडणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं सोसायट्या, शाळा आणि दवाखान्यांचे संगणक सांभाळतोय. लोकांची माहिती बाहेर गेलेली मी बघितली ती बहुतेक वेळा परदेशी कंपनीनं मेसेज वाचल्यामुळं गेलेली नव्हती. फोन दुसऱ्याच्या हातात दिला, ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवला, आधारची झेरॉक्स मागेल त्याच्याकडं ठेवून आलो, इथून ती गेली. म्हणून अ‍ॅपचा प्रश्न लवकर उरकतो आणि मग मुद्द्यावर येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. ही पद्धत मूळची सिग्नलचीच आहे. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता ही नोंद व्हॉट्सअ‍ॅपकडं राहते. 2021 च्या जानेवारीत जो गदारोळ झाला तो या इतर माहितीवरून, ती फेसबुकच्या बाकीच्या कंपन्यांना देण्यावरून होता. त्याच प्रकरणात स्पर्धा आयोगानं 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, 213.14 कोटी रुपयांचा दंड लावला. तेव्हा तक्रार खोटी नव्हती, पण "मेसेज वाचतात" ही ती तक्रार नव्हे.

खरं भोक बॅकअपला आहे. गूगल ड्राइव्हवर जाणारा चॅटचा बॅकअप आपणहून कुलूपबंद होत नाही, ते चालू करावं लागतं. सेटिंग्जमध्ये चॅट, त्यात चॅट बॅकअप, तिथं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला, कुणीही काढून देऊ शकत नाही, म्हणून तो घरातल्या वहीत लिहून ठेवा. सोबत टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. ही दोन कामं आजच करा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

सिग्नल चांगलं आहे, मी वापरतो. अमेरिकेत 2016 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं त्यांच्याकडं एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढ्या दोनच गोष्टी त्यांना देता आल्या, कारण तेवढंच ते ठेवतात. टेलिग्राममध्ये मात्र साधी चॅट एंड-टू-एंड नसते, 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडावी लागते. अरट्टाईची 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लाट आली तेव्हा तिथंही मजकुराच्या चॅटला हे कुलूप नव्हतं. देशी अ‍ॅपचा अभिमान मलाही आहे, पण अ‍ॅप निवडताना आधी कुलूप बघायचं, मग झेंडा.

16 अब्ज पासवर्डांची बातमी जून 2025 ची. वाचून वाटलं की गूगल, फेसबुक, अ‍ॅपल सगळेच एका रात्रीत फुटले. तसं काही झालं नव्हतं. लोकांच्या संगणकांत शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमांनी वेळोवेळी गोळा केलेल्या याद्या एकत्र सापडल्या होत्या, त्यांत बरंचसं जुनं आणि दुबार होतं. पण हे चोरटे प्रोग्रॅम कुठून शिरतात ते तुम्हाला माहीत असायला हवं. आपल्याकडं डीटीपीच्या आणि झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकावर कन्नड टायपिंगसाठी नुडी असतं आणि मराठीसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं, विंडोजचं किंवा फोटोशॉपचं क्रॅक (फुकटात चालवायची चोरटी आवृत्ती) घालताना "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना येते आणि माणूस ती पाळतो. त्या क्षणी दार उघडतो तो आपणच. त्या संगणकावर जीमेल उघडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड मग अशा यादीत जाऊ शकतो. म्हणून आपला ईमेल दुकानातल्या संगणकावर उघडायचाच नाही.

आणि "आम्ही मिक्सरबद्दल बोललो आणि मिक्सरची जाहिरात आली, फोन ऐकतोय का?" हे मला जवळपास रोज कुणीतरी विचारतं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात 2018 मध्ये 17,000 हून जास्त अ‍ॅप तपासली गेली. गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही, पण काही अ‍ॅप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण बाहेर पाठवताना सापडली. जाहिरातवाल्यांना आपलं बोलणं ऐकायची गरजच पडत नाही. तुमच्या वायफायवर बहिणीनं मिक्सर शोधला, तुम्ही खडेबाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहिलात, एवढं त्यांना पुरतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलखाली 'अ‍ॅड्स'मध्ये जाऊन जाहिरातीचा आयडी डिलीट करा आणि ज्या अ‍ॅपला ठिकाणाची गरज नाही त्याची लोकेशनची परवानगी काढा.

आता मुद्दा. आपल्या भागाची अडचण पुण्या-मुंबईतल्या सल्ल्यांत येत नाही. आपल्या घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांचं शिक्षण मराठी शाळेत झालं, आणि सरकारी कामाचा फॉर्म, पोर्टल, येणारा एसएमएस, सगळं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. कागद मराठीतही मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण ती पुरी होईपर्यंत रोजचं काय होतं? माणूस वाचता येत नाही म्हणून फोन दुसऱ्याकडं देतो. 2023 मध्ये गृहलक्ष्मी योजना आली, महिन्याला 2,000 रुपये. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्राच्या बाहेर बायकांच्या रांगा लागल्या. प्रत्येकीच्या हातात आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि नवऱ्याचं आधार. आत काउंटरवर फोन पुढं सरकवायचा, ओटीपी आला की तो पोरगाच बघून घालणार. बहुतेक पोरं प्रामाणिक असतात, हे मी मुद्दाम सांगतो, त्यांच्यामुळंच हजारो घरांत पैसे आले. पण आपल्या आईला त्या दिवशी एक सवय लागली: ओटीपी विचारणाऱ्याला सांगायचा असतो, तो आपल्या कामाचाच माणूस असतो. फसवणारा फोन करतो तेव्हा याच सवयीवर त्याचं फावतं.

ही सवय मोडायचं सगळ्यात स्वस्त साधन फोनमध्येच आहे. आई-बाबांच्या फोनची भाषा मराठी करा. सेटिंग्ज, सिस्टीम, भाषा, मराठी. अनेक घरांत मी बघतो, फोन इंग्रजीत आणि वापरणारी मावशी मराठी चौथी पास. 'अलाउ' म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं, निळं बटण दिसलं की दाबायचं एवढंच कळतं. मराठीत "या अ‍ॅपला तुमचे एसएमएस पाहण्याची अनुमती द्यायची का?" असं समोर आलं की तीच मावशी थांबते आणि लेकाला विचारते. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. अँड्रॉइड 13 पासून तर एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते.

झेरॉक्सच्या दुकानातली एक गोष्ट जरा जवळून दाखवतो. नाव आणि गल्ली सांगत नाही, कारण ही एका दुकानाची गोष्ट नाही. संगणक हळू चालतोय म्हणून बोलावलं. डिस्क भरली होती. डाउनलोड्सचा फोल्डर उघडला तर यादी खालीपर्यंत संपेना: ई-आधारच्या पीडीएफ, जमिनीचे उतारे, पोरांची मार्क्स कार्डं, खरेदीपत्रं, कुणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच, आणि ते दुकानाच्या खात्याचं नव्हतं. कुणी गिऱ्हाईक प्रिंट काढायला आलं, कोड स्कॅन केला, प्रिंट घेतली आणि गेलं. त्याच्या घरच्या ग्रुपवरचे मेसेज दुकानात समोर येऊन पडत होते. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वेळ नव्हता एवढंच.

तेव्हा उपाय असा. घरी गेलात की आई-बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. ओळखीचं नाही ते प्रत्येक लॉगआउट करा. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर ही जोडणी आपोआप तुटते, पण रोज वापरात असलेल्या फोनबाबत त्यावर विसंबू नका. प्रिंटला जाताना फाइल पेनड्राइव्हवर न्या, किंवा दुकानाच्या नंबरावर पाठवली तर प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करायला सांगा. सांगायला लाजू नका. आणि आधार न्यायचंच असेल तर मास्क्ड आधार न्या, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे ओळखीच्या कुणालाही उघडता येणारं कुलूप, त्यावर विसंबू नका.

2022 च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयानं हेच सांगितलं होतं: झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, सायबरच्या संगणकावर ई-आधार उतरवू नका. दोन दिवसांत ते पत्रक मागं घेतलं गेलं, लोक गैरअर्थ काढतील म्हणून. माझ्या मते सल्ला बरोबर होता आणि मागं घ्यायला नको होता.

अंगठ्याचंही असंच. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात, या सोयीला एईपीएस म्हणतात. गावात बँक नाही तिथं ती मोठी सोय आहे, पण तिला ओटीपी लागत नाही. 2023 मध्ये कर्नाटकात बऱ्याच लोकांच्या खात्यांतून असे पैसे गेले, आणि त्यांच्यात समान धागा निघाला तो नोंदणी झालेल्या खरेदीपत्रांचा. त्या कागदांवर आधार क्रमांकही होता आणि अंगठ्यांचे ठसेही. तुमच्या बाबांनी शेत किंवा प्लॉट घेतला-विकला असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून होतं. मात्र रेशन दुकानात अंगठा लावावा लागतो, आणि लॉक असेल तर तो चालत नाही, मग दुकानदार ओरडतो आणि माणूस कंटाळून लॉक कायमचं काढतो. रेशनला जायच्या दिवशी ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं, परत आपोआप बंद होतं. घरातल्या तरुणानं हे काम अंगावर घ्यावं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बँकेत अर्ज देऊन खात्यावरचं एईपीएस बंद करता येतं का विचारावं. आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं तपासलं गेलं याची यादीही दिसते. ती एकदा बाबांसोबत बसून बघा.

आता एपीके. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', कधी लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके. ती फाइल म्हणजे अ‍ॅप. घातलं की एसएमएसची परवानगी मागतं, आणि दिली की बँकेचे ओटीपी परस्पर तिकडं जातात. पुढं तुमच्याच नंबरावरून ते तुमच्या ग्रुपांत जातं, म्हणून ते मामाकडून किंवा शाळेच्या मास्तरांकडून आल्यासारखं दिसतं. आपल्याकडं हे जास्त चालतं त्याला कारण आहे. केए 22 ची, म्हणजे बेळगावची, गाडी आज कोल्हापूरला, उद्या पणजीला. महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या कॅमेऱ्यात खरंच चलान पडलेलं असू शकतं, म्हणून माणूस घाबरून उघडतो. चलान बघायचं तर परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर घालून बघायचं, फाइल उघडून नव्हे. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अज्ञात अ‍ॅप इन्स्टॉल करा' या जागी जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम दोन्हींची परवानगी बंद ठेवा. आई-बाबांच्या फोनवर करायची एकच गोष्ट सांगा म्हणालात तर मी हीच सांगेन.

डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळण्याबद्दल, लिहिताना हात जड होतो. 2025 च्या मार्चमध्ये आपल्याच तालुक्यात या छळानं एका वयस्कर दांपत्यानं जीव दिला, तुम्हाला माहीत आहे. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. पण हे माहीत असूनही माणूस का अडकतो? कारण समोरचा त्याचं पूर्ण नाव, आधार क्रमांक, पत्ता बरोबर वाचून दाखवतो. आपली माहिती त्याच्याकडं आहे म्हणजे तो खरा पोलीस असणार, असं वाटतं. आई-बाबांना हे पुन्हा पुन्हा सांगा की आपला आधार क्रमांक पाठ असलेला माणूस सरकारी असतोच असं नाही, तो आतापर्यंत शंभर ठिकाणी पोचलेला आहे. आणि असा फोन आला तर तुम्हाला कळवल्यावर तुम्ही रागावणार नाही, हा शब्द त्यांना आजच द्या. भीती आणि लाज एकत्र आली की माणूस घरातही बोलत नाही.

पैसे गेलेच तर 1930 ला लगेच फोन, मग cyber crime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग बँक. बेळगावात सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणारं, पोलीस ठाणं आहे. तुमचं घर महाराष्ट्रात चंदगडकडं आणि खातं बेळगावात असलं आणि कुणी "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणालं, तर नव्या फौजदारी कायद्यात कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो, हे ठामपणे सांगा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणं तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. म्हणून तास मोलाचे.

सरकारी अ‍ॅपबद्दल विचारलंत. दूरसंचार खात्यानं 28 नोव्हेंबर 2025 ला संचार साथी प्रत्येक नव्या फोनमध्ये घालायचा आदेश काढला आणि विरोध झाल्यावर 3 डिसेंबरला सक्ती मागं घेतली. संचार साथीची साइट उपयोगाची आहे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथं कळतं, जरूर बघा. पण आपल्या मर्जीशिवाय कुणाचंही अ‍ॅप फोनमध्ये बसता कामा नये, मग ते सरकारचं का असेना. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. नव्वदीकडं झुकलेल्या वयात ते हा लढा लढत होते. या हक्काची किंमत आपण ओळखावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि शेवटी तुमच्या नोकरीचं, कारण तुम्ही फक्त गिऱ्हाईक नाही, लोकांची माहिती सांभाळणारेही आहात. सोसायटीत सभासदांचं आधार, पॅन, फोटो, सह्या, जामीनदारांचे उतारे, सगळं तुमच्या कपाटात आणि संगणकात आहे. 2023 चा माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यापासून लागू होतात. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात येते. माहिती फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्याची फुटली त्या सभासदाला कळवावं लागेल. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. तुमच्या सोसायटीवर तेवढा पडेल असं नाही, पण "आम्ही लहान संस्था" हे उत्तर चालणार नाही.

मी सोसायट्यांत जातो तिथं तीन गोष्टी हमखास दिसतात. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सभासदांच्या आधारचे फोटो पडलेले असतात, आणि ते प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गॅलरीत, त्याच्या पोरांच्या हातात जातात. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर फिरते. त्यात नाव आलेल्या माणसाच्या घरी काय होतं ते आपण कुणी बघायला जात नाही. तिसरी म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यासाठी एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचा प्रोग्रॅम) कायम चालू आणि पासवर्ड ठरलेला, म्हणजे रात्री दोन वाजताही कुणी आत येऊ शकतो. यातली एकही गोष्ट बंद करायला पैसे लागत नाहीत. चेअरमनना आधी दुसरी सांगा, ती त्यांना लगेच पटेल, कारण त्यांच्याही नात्यातलं कुणीतरी त्या यादीत असतं.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला सपोर्ट देणं थांबवलं, जादाचे सुरक्षा अपडेट घेतले नसतील तर काउंटरचा संगणक उघडा पडलाय. बदलायचा ठराव झाला की जुना मशीन भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. नुसता क्विक फॉरमॅट मारून माहिती जात नाही, मी स्वतः अशा डिस्कवरून फाइली परत काढून दिल्या आहेत. डिस्क संस्थेच्या तिजोरीत ठेवा, किंवा तुमच्या समोर ड्रिल मारून घ्या, आणि तशी नोंद प्रोसिडिंगमध्ये करा.